वाघ नसलेलं रान

"रांगा."

मॅडमच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी पन्नाशी ओलांडलेला, दोन मुलांचा बाप आणि एका कॉलेजच्या ऑफिसातला वरिष्ठ लिपिक होतो. समोर चिखल होता. चिखलावर कुजलेली पानं होती आणि पानांखाली जळवा होत्या. मी इकडेतिकडे पाहिलं. त्या रानात आम्हा दोघांखेरीज कुणीच नव्हतं.

"कोण, मी?"

"नाही, मी रांगते. तुम्ही छत्री धरून उभे राहा."

"चालत गेलं तर नाही का भागणार?"

"दोन पायांवर चालणाऱ्या जनावराचा फोटो मला नकोय, भाऊसाहेब. तसली ऑफिसात रोज बघितलीत की."

मी रांगलो. समोरच्या झाडाला, गुडघ्याच्या उंचीवर, जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी पट्ट्यानं बांधलेली होती. तिच्यासमोरून ऊब असलेलं काहीही हललं की ती आपोआप फोटो काढते. हाच तो कॅमेरा ट्रॅप. पण पेटी फार वर बांधली गेली तर रानमांजर खालून निघून जातं आणि फार खाली बांधली तर गव्याचे नुसते खूर मिळतात. म्हणून बांधून झाल्यावर कुणीतरी जनावर होऊन तिच्यासमोरून जावं लागतं. आमच्या दोघांत हे काम कुणाकडे यायचं ते सांगायला नको.

"शेपूट वर," मॅडम मागून म्हणाल्या. त्यांच्या तोंडून निघालेला विनोद म्हणून मी तो जपून ठेवला. पुढे कळलं, त्या विनोद करत नव्हत्या. माझा पार्श्वभाग कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर राहत होता.

मॅडम आमच्याच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. जुळे सोलापुरात आमच्या कॉलनीत दोन घरं सोडून राहायच्या. सोलापुरात राहणाऱ्या माणसाचं आणि ओल्या रानाचं नातं काय, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. निवृत्तीच्या आदल्या वर्षी मुलांची सहल घेऊन त्या कोकणच्या बाजूला, घाटाच्या कडेवरच्या एका सदाहरित रानात गेल्या. मुलं परत आली. मॅडमही आल्या, पण आल्यासारख्या वाटेनात. पुढच्या सुट्टीत त्या एकट्या गेल्या. त्याच्या पुढच्या वेळी पेट्या घेऊन गेल्या. मग मोतीबिंदू झाला, गाडी चालवता येईना. माझ्याकडे एक जुनी गाडी होती आणि नाही म्हणायची सवय नव्हती.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेलच, ज्याच्या शिव्या खायला आपण आपलं पेट्रोल जाळून जातो.

मॅडमचा तुच्छतेचा साठा कधी संपत नसे. प्राचार्यांना त्या 'खुर्ची' म्हणायच्या, पाठीमागे नव्हे, समोर. माझ्या गाडीला 'खोकला'. रविवारी झाडपाल्याच्या नक्षीचे कपडे घालून, हातभर लांब लेन्स घेऊन रानात येणाऱ्या पुण्याच्या मंडळींबद्दल तर त्यांना बोलायलाही आवडायचं नाही. "कपडे झाडासारखे आणि अंगाला अत्तर. जनावराला काय फक्त डोळेच असतात?"

मूळच्या अक्कलकोट भागातल्या. घरात कन्नड. रागावल्या की मराठी, फारच रागावल्या की इंग्रजी, आणि राग संपून नुसता तिटकारा उरला की कन्नड. त्यातलं एक वाक्य आमच्या सगळ्या कॉलनीच्या तोंडी बसलं. "एनू इल्ला." म्हणजे काही नाही.

त्याचं असं झालं. पेट्यांमधली कार्डं घेऊन आम्ही सोलापूरला परत यायचो आणि मग हजारो फोटो एकेक करून बघायचे. हे काम मे महिन्यात चालायचं. बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतंय, कूलर घरघरतोय, कांद्याच्या पाण्याची बाटली हाताशी आहे, आणि पडद्यावर मात्र पाऊस, धुकं, शेवाळ, ओलं हिरवं रान. बघूनच अंगावर काटा यायचा. पण दहांतले नऊ फोटो रिकामे. वारा सुटला, उन्हानं तापलेलं पान हललं, निघाला फोटो. उन्हाचा कवडसा सरकला, निघाला फोटो. मॅडम खुर्चीत सरळ बसून बटण दाबायच्या. "एनू इल्ला. एनू इल्ला. एनू इल्ला." माझी बायको सुनंदा शेजारी शेंगा सोलत बसायची. तिला झोप यायची. मला तर यायचीच.

मग हळूहळू मॅडम हे फोटोंखेरीज इतर गोष्टींनाही म्हणू लागल्या. नगरसेवक हात जोडून दारात आला, एनू इल्ला. टीव्हीवर कुणी तावातावानं भांडू लागलं, एनू इल्ला. माझ्या मेव्हणीनं मुलीसाठी बार्शीचं एक स्थळ आणलं आणि हौसेनं मुलाचा फोटो मॅडमपुढे धरला. मॅडमनी चष्मा वर करून नीट पाहिलं आणि बटण दाबल्यासारखा अंगठा हवेत दाबला. मेव्हणी अजून माझ्याशी धड बोलत नाही.

त्या रानात दमट हवेनं पेट्यांच्या आत बुरशी धरायची. त्यावर उपाय म्हणजे चपलांच्या खोक्यात, औषधाच्या बाटल्यांत येणाऱ्या त्या ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या. मॅडमनी सगळ्या कॉलनीला हुकूम सोडला, की नवी चप्पल घेतली तर पुडी माझ्याकडे आणून द्यायची. लोक देऊ लागले. देताना विचारायचे, "मॅडम, वाघ घावला का?"

"तुमची चप्पल फाटली का?"

"न्हाई की, नवीच हाय."

"मग घाला आणि चालायला लागा."

ते दाणे फोडून, तव्यावर भाजून, मलमलीच्या कापडात त्या लहान लहान पुरचुंड्या शिवायच्या. सुनंदानं एकदा वास घेऊन विचारलं, "मॅडम, साबुदाणा करपला का?" आमच्या घरातली फक्त सुनंदाच असं विचारू शकायची. तिला मॅडम कधी टाकून बोलल्या नाहीत. मला वाटतं, माझ्याशी लग्न करून तिनं पुरेसं सोसलंय असं त्यांचं मत होतं.

एका वर्षी गणेश मंडळाच्या पोरांनी मॅडमना गळ घातली, पडद्यावर रानातले फोटो दाखवा. लई गर्दी जमली. मॅडमनी साळिंदर दाखवलं. उदमांजर दाखवलं. अंगावर खवले असलेलं खवल्या मांजर, आणि सशापेक्षा थोडंच मोठं, ठिपक्याठिपक्यांचं पिसोरी हरीण दाखवलं. ते हरीण पानांत असं उभं होतं की सगळ्यांनी आधी विचारलं, "कुटं हाय?" आणि दिसल्यावर म्हणाले, "एवढंच?" शेवटी मागून आरोळी आली, "वाघ दाखवा की!"

मॅडमनी लॅपटॉप मिटला. "वाघ तुम्हाला काडेपेटीवर मिळेल," त्या म्हणाल्या, "आणि त्यात काड्याही असतात." प्रसादही न घेता घरी गेल्या. मी मागे राहून प्रसाद घेतला, आणि त्यांचाही घेतला.

आता त्या रानाविषयी सांगितलं पाहिजे, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. ते रान सरकारचं नव्हतं. खासगी होतं, दाजीकाका नावाच्या एका म्हाताऱ्याच्या मालकीचं. वडिलोपार्जित. वरच्या कड्यापासून खालच्या ओढ्यापर्यंत. त्या ओढ्याला तिकडे व्हाळ म्हणतात. आसपासच्या डोंगरांवरचं असलं रान एकामागून एक कापून तिथे रबराची झाडं लागली होती, शाळेतल्या कवायतीसारखी रांगेत. दाजीकाकांचं तेवढं उरलं होतं, तेही मोठ्या तत्त्वानं नव्हे. कापायला माणूस लावायचा त्यांना कंटाळा होता.

पण थोरल्या मुलाला तो कंटाळा नव्हता. तो गोव्यात हॉटेलात नोकरी करायचा आणि त्यानं रबरवाला गाठला होता. एका दिवाळीआधी त्यानं ओसरीवर बसून मॅडमना स्पष्टच सांगितलं, "मॅडम, तुमचं ते उंदीर-मांजर ठीक आहे. पण त्याला बघायला कोण येणार? वाघ असेल तर सांगा. चार खोल्या बांधतो, पाहुणे आणतो, रान ठेवतो. नसेल तर आम्हाला परवडत नाही."

दाजीकाका थोरल्याकडे बोट करून म्हणाले, "बाय, वाघ एक दाखवा. झिलग्याचा तोंड बंद होतला."

 वाघाचं नाव काढताच वाटेल ते बोलणारी ही बाई त्या दिवशी गप्प बसली. कितीही तुसडेपणा केला तरी त्या रानावाचून मॅडमकडे दुसरं काही नव्हतं. आणि त्या रानात वाघ नव्हता. इतक्या वर्षांत एकदाही आला नव्हता.

त्या खेपेला आम्ही पेट्या पुन्हा लावल्या आणि पुढचा पावसाळा सरताना कार्डं काढायला परत गेलो. मधे भादव्यात एकदा बॅटऱ्या आणि कार्डं बदलायला जाऊन आलो होतो. त्या भादव्यातल्या खेपेत मला ताप होता. पाऊस थांबत नव्हता. वर झाडांचं छप्पर इतकं दाट, की भर दुपारी खाली दिवेलागण झाल्यासारखं. मी घरून नेलेली सोलापुरी चादर अंगावर घेतली होती. जाड, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची, माझ्या लग्नातली. व्हाळाकडच्या झाडावर पेटी पुन्हा बांधून झाली आणि मॅडमनी नेहमीचा हुकूम सोडला. मी म्हटलं, "ताप आहे हो."

"जनावरांना ताप येत नाही का? रांगा."

मी डोक्यावरून चादर घेऊन रांगलो.

कार्डं काढली त्या दिवशी ओसरीवर आम्ही चौघं होतो. मॅडम, मी, दाजीकाका आणि मुद्दाम गोव्याहून आलेला थोरला. तोंडानं तो "बघू तरी" म्हणत होता, पण खिशात रबरवाल्याचा फोन सारखा वाजत होता. मॅडम बटण दाबत होत्या. डुक्कर. पान. पान. साळिंदर. धुकं. थोरला जांभया देत होता. मग व्हाळाकडच्या पेटीचं कार्ड लावलं आणि पहिलाच फोटो आला.

अंधारात ही पेटी काळे-पांढरे फोटो काढते. काचेवर वाफ धरलेली. आणि त्या वाफेतून, पानांच्या मागून, एक मोठं अंग जात होतं. डोकं चौकटीबाहेर. पाठ उंच. अंगावर पट्टे, गडद, फिके, गडद, फिके.

थोरला उभाच राहिला. "वाघ!"

दाजीकाका पुढे वाकले.  "वाघच आसा. बाय, वाघ इलो!"

मी चादर ओळखली. लग्नातली चादर माणूस विसरत नाही. मी मॅडमकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पेटी बांधल्याबरोबर चाचणीचे फोटो निघतात हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. थोरल्यानं खिशातला वाजणारा फोन बंद केला. म्हणाला, "संपलं. विकायचं नाही. मॅडम, हा फोटो मला पाठवा, मी बोर्डच करून घेतो."

मी डोळ्यांनी मॅडमना विनवत होतो. आयुष्यात एवढी कळकळीची विनंती मी वेतनवाढीसाठीही केली नव्हती. फक्त लॅपटॉप मिटायचा होता. एवढंच.

"हा वाघ नाही," मॅडम म्हणाल्या. "हे आमचे भाऊसाहेब."

आणि त्यांनी पुढचं बटण दाबलं.

पुढच्या फोटोत मी होतो. चारी पायांवर. चष्म्यावर वाफ, तोंड उघडं, डोक्यावर चादर, चादरीतून एक कान बाहेर. असा फोटो माझ्या लग्नातल्या अल्बममध्येही नाही, आणि तिथे बरेच वाईट फोटो आहेत.

थोरल्यानं आधी माझ्याकडे आणि मग मॅडमकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी अजून विसरलो नाही. "आमची चेष्टा करायला एवढ्या लांबून येता काय?" असं म्हणून तो बाहेर गेला आणि अंगणातच फोन लावला. दाजीकाका मात्र हसायला लागले. त्यांना खोकला लागला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी हसत होते. "वाघ! सोलापूरचो वाघ!" निघताना त्यांनी ती चादर मागून घेतली. म्हणाले, "ह्यो वाघ माका ठेवा." मी दिली. सुनंदानं घरी विचारलं, चादर कुठाय? तेव्हा काय सांगितलं ते इथे लिहीत नाही.

परतीच्या वाटेवर माझा संयम सुटला. "तुम्ही गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं?"

"तुम्ही किती वेळा रांगणार होता, भाऊसाहेब? एक वाघ दाखवला की माणसं दुसरा मागतात. मग पिल्लं मागतात."

"पण रान राहिलं असतं!"

मॅडमनी खिडकीची काच वर केली. मग म्हणाल्या, "त्या रानात जे आहेत ते काय कमी पडतात म्हणून त्यांच्या जागी तुम्हाला बसवू? तुम्हाला?"

हे 'तुम्हाला' त्यांनी ज्या सुरात म्हटलं त्यात माझी नोकरी, माझी गाडी, माझं पोट, सगळं आलं. मला राग आला. खरं सांगतो, त्या दिवशी मला त्या नुसत्या हट्टी आणि उर्मट वाटल्या. आपल्या खरेपणाच्या तोऱ्यात अख्खं रान घालवणारी बाई. अजूनही, कधीकधी, उन्हाळ्यात जेवणानंतर पडल्यापडल्या मला तसंच वाटतं.

वाटण्या झाल्या. कड्याकडची बाजू मुलाच्या वाट्याला गेली आणि उन्हाळ्यात कापली गेली. व्हाळाकडची पट्टी दाजीकाकांनी आपल्या नावावर ठेवली. त्यांनी मॅडमना त्यावेळी एक अट घातली. म्हातारा माझी चादर अंगावर घेऊन ओसरीवर बसला होता. म्हणाला, "इतकी वर्सा माझ्या रानात कोण येता, कोण जाता, माका म्हायत नव्हता. आता बघूची सवय लागली. दरवर्सा येवचा आणि फोटो दाखवचे. वाघ नसलो तरी चलात. पण ज्या वर्सा तुमी येवचा नाय, त्या वर्सा मी विकून टाकतलंय."

"तुमच्या रानापेक्षा माझा हातरुमाल मोठा आहे," मॅडम म्हणाल्या. पण अट मान्य केली.

कापलेली बाजू आम्ही पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिथे लाल माती उघडी पडली होती आणि तिच्यात काठ्यांसारखी रबराची रोपं उभी होती. ऊन थेट जमिनीवर पडत होतं, अगदी आमच्या सोलापूरकडच्या वळसंगच्या रस्त्यावर पडतं तसं. मॅडम चालत त्यातून पुढे गेल्या. त्या दिवशी त्या कुणालाच काही बोलल्या नाहीत. मला नाही, मुलाला नाही, रबरवाल्यालाही नाही. मला ते सहन होईना. परत येताना मी मुद्दाम गिअर चुकीचा टाकला. गाडी खरखरली. मॅडम समोर बघत राहिल्या. मी आणखी एकदा टाकला. तरी नाही.

त्यानंतर दरवर्षी गेलो. हातरुमालाएवढ्या रानात पेट्या कमी लागायच्या, पण मॅडमची तयारी तेवढीच. पुरचुंड्या, पट्टे, बॅटऱ्या, जळवांसाठी माझ्या मोज्यांवर तंबाखूचं पाणी. ओसरीवर लॅपटॉप उघडला की दाजीकाका चादर सावरून बसायचे. रिकामे फोटोही त्यांना हवे असायचे. "ह्यो फणस माझ्या बापाशीन लायलो," असं काहीतरी सांगायचे. मॅडमना रिकाम्या फोटोपुढे थांबलेलं मी फक्त तिथेच पाहिलं. थांबायच्या, पण चेहऱ्यावर असं दाखवायच्या की म्हाताऱ्याच्या अडाणीपणामुळे वेळ वाया जातोय.

मग त्यांची किडनी बिघडली. डॉक्टरांनी प्रवास बंद सांगितला. मॅडमनी डॉक्टरांविषयी जे मत दिलं ते कन्नडमध्ये होतं. मी म्हटलं, "यंदा मी एकटा जाऊन येतो." त्या म्हणाल्या, "तुम्ही? तुम्ही पेटी उलटी बांधाल आणि वर्षभर आकाशाचे फोटो काढाल." शेवटी आम्ही त्यांना मागच्या सीटवर उशा लावून नेलं. सुनंदाही आली. घाटात दोनदा उलटी झाली. दोन्ही वेळा दोष माझ्या चालवण्याचा होता.

त्या पुढच्या थंडीत मॅडम गेल्या.

कॉलेजनं शोकसभा ठेवली. व्यासपीठामागे मोठं फ्लेक्स लावलं होतं. डावीकडे मॅडमचा ओळखपत्रावरचा फोटो, आणि उजवीकडे, नेटवरून घेतलेला, जबडा उघडलेला, मॅडमच्या चौपट मोठा एक वाघ. 'व्याघ्रप्रेमी मॅडमना भावपूर्ण श्रद्धांजली.' खुर्चीनं भाषण केलं. मॅडमनी वाघांसाठी आयुष्य वेचलं असं सांगितलं. टाळ्या वाजवायच्या की नाही हे कुणालाच कळलं नाही, म्हणून थोड्या वाजल्या. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. उठून काहीतरी बोलायला हवं होतं. मॅडम असत्या तर उठल्या असत्या. पण मी मॅडम नाही. मी चहा घेतला, बिस्किटं चांगली होती, ती दोन खाल्ली.

पावसाळा सरला तसं सुनंदा एक दिवस म्हणाली, "गाडी सर्व्हिसिंगला टाका."

"कशाला?"

"कशाला काय? म्हातारा रान विकेल की."

आम्ही गेलो. दाजीकाका अंगणात उभे होते. गाडीची मागची काच त्यांनी हातानं पुसून आत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगायचं ते वाटेत पाठ केलं होतं, ते सगळं विसरलो. सुनंदानंच सांगितलं.

 दाजीकाकांनी कोयता घेतला आणि पुढे चालू लागले. आम्ही मागून. कार्डं काढली. एका पेटीवर मुंग्यांनी घर केलं होतं, एकीच्या बॅटऱ्या केव्हाच संपलेल्या. म्हातारा बघत होता. त्याच्या तोंडावरून मला काहीच कळत नव्हतं. अट मॅडमसाठी होती. माझ्यासाठी नव्हती. माझ्याकडे दाखवायला वाघ नव्हता, ज्ञान नव्हतं, आणि पिसोरी आणि भेकर या दोन हरणांत मी अजूनही गफलत करतो.

ओसरीवर लॅपटॉप उघडला. कार्ड मागच्या खेपेपासूनचं होतं. मी बटण दाबलं आणि मॅडम आल्या.

पेटी चालू झाल्यावर दमून त्या तिच्यासमोरच्या आडव्या खोडावर बसल्या असणार. अंगात सुनंदाचा स्वेटर, पायांत मोजे, छत्री काठीसारखी टेकलेली. खूप वाळलेल्या दिसत होत्या. पण मान ताठ होती, उजव्या हाताचं बोट रोखलेलं होतं आणि तोंड उघडं होतं. चौकटीबाहेरच्या कुणाला तरी त्या झाडत होत्या.

"काय म्हणता ती?" दाजीकाकांनी विचारलं.

मी आठवून पाहिलं. "लक्षात नाही."

"तुमका गाळी घालता आसतली."

"तेवढं नक्की."

मी पुढे जायला बोट उचललं. "रवांदे," काका म्हणाले. "राहू दे."

 बाहेर पागोळ्या गळत होत्या. सुनंदानं पदर तोंडाला लावला होता. मग म्हातारा, पडद्यावरची नजर न काढता, तुटकपणे म्हणाला, "फुडच्या वर्सा येताना बॅटऱ्यो बऱ्यो हाडा. ह्यो अगदीच फालतू."

मी "आणतो" म्हटलं. पडद्यावर मॅडमचं बोट तसंच रोखलेलं होतं. त्या बोटाच्या टोकाशी, चौकटीच्या जरा बाहेर, मी उभा आहे. फोटोत आलो नाही, एवढंच.